गांधीजींचे घरमालक: वर्ध्याचे जमनालाल बजाज आणि भिंतीतल्या ओलीचा प्रश्न

जुलै-ऑगस्ट उजाडला की वर्ध्यात, सेवाग्राममध्ये, सावंगीत भाड्याने राहणाऱ्यांच्या ओठांवर एकच तक्रार येते. भिंतीला ओल आली. कपाटामागे काळे डाग पडले. गादीला कुबट वास येतोय. घरमालक म्हणतात, पावसाळ्यात एवढं चालतंच. भाडेकरू म्हणतो, भाडं मी पूर्ण देतो, मग भिंत कोणी बघायची?

हा प्रश्न नवा नाही. याच वर्धा जिल्ह्यात साधारण नव्वद वर्षांपूर्वी एका मालकाच्या गावात एक पाहुणा राहायला आला. मालकाच्या शहरात वाडे, बंगले, बागा होत्या. पाहुण्याने मात्र मातीची झोपडी मागितली, तीही काळ्या मातीच्या, डासांनी भरलेल्या खेड्यात. पाहुण्याचं नाव मोहनदास करमचंद गांधी आणि मालकाचं नाव जमनालाल बजाज.

बजाज म्हटलं की आज बहुतेकांना स्कूटर, बल्ब किंवा हप्त्यावर घेतलेला फोन आठवतो. मुंबईतल्या व्यवस्थापन संस्थेमुळेही नाव माहीत असतं. पण जमनालाल बजाज हे माणूस म्हणून कोण होते? मालमत्ता असलेल्या माणसाने त्यात राहणाऱ्यांशी कसं वागावं, याबद्दल त्यांचं आयुष्य काय सांगतं? आणि चांगला मालक नशिबाने मिळाला नाही, तर कायदा काय म्हणतो? समजून घेऊया.

राजस्थानातून वर्ध्यात

जमनालाल यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ चा. गाव काशी का बास, आजच्या राजस्थानातल्या सीकरजवळचं. वडील कनीराम, आई बिरदीबाई. घर साधंच होतं.

वर्ध्यात त्या वेळी बच्छराज बजाज हे मोठे मारवाडी सेठ होते. त्यांच्या घरात वारस उरला नव्हता. गावाकडे आले असताना त्यांच्या घरच्यांच्या नजरेत हा चार-पाच वर्षांचा मुलगा भरला आणि त्याला दत्तक घ्यायचं ठरलं. दत्तक नातू म्हणून जमनालाल वर्ध्यात आले. मुलाच्या बदल्यात पैसे घ्यायला कनीराम तयार झाले नाहीत, त्याऐवजी कोरड्या गावासाठी विहीर खोदून दिली गेली, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत येते.

शाळेचं शिक्षण फार झालं नाही. लहान वयातच पेढीवर बसणं सुरू झालं. १९०२ मध्ये जानकीदेवींशी लग्न झालं. नवरदेव बारा-तेरा वर्षांचा, नवरी नऊ वर्षांची. त्या काळाची रीतच तशी होती.

सतराव्या वर्षीची चिठ्ठी

जमनालाल सतरा वर्षांचे असताना घरात एक खटका उडाला. एका लग्नाला दागिने घालून जावं असा बच्छराज यांचा आग्रह होता, जमनालाल यांना ते पटत नव्हतं. आजोबांनी रागाच्या भरात संपत्तीवरून सुनावलं. मुलाने उत्तर दिलं ते थेट मुद्रांकाच्या कागदावर. या संपत्तीवर माझा कसलाही हक्क नाही, असं लिहून देऊन तो घराबाहेर पडला. त्याला समजावून परत आणलं गेलं. १९०७ मध्ये बच्छराज वारले आणि सगळी मालमत्ता याच मुलाच्या हाती आली.

ज्या संपत्तीवरचा हक्क आपण लिहून सोडला तिचे आपण मालक कसे, हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून गेला नाही. पुढे गांधीजींनी विश्वस्ताची कल्पना मांडली. संपत्ती ज्याच्या नावावर आहे, त्याने ती समाजाची ठेव समजून सांभाळावी, असं तिचं सार. जमनालाल यांना ती कल्पना नवी वाटली नसणार. ते तशाच पद्धतीने जगायचा प्रयत्न करत होते.

म्हणून त्यांनी व्यापार सोडला असं मात्र नाही. कापसाचा व्यवहार वाढवला, १९२६ मध्ये आजच्या बजाज उद्योगसमूहाची पायाभरणी केली, पुढे साखर कारखाना काढला. सरकारदरबारीही वजन होतं. मानद मॅजिस्ट्रेटचं पद आणि रायबहादूर ही पदवी त्यांना मिळाली होती.

पाचवा मुलगा

१९१५ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परतले. जमनालाल त्यांना भेटायला गेले, आश्रमात राहून पाहिलं, बोलणं आणि वागणं एक आहे का याची खात्री करून घेतली. डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसच्या वेळी ते स्वागत समितीचे अध्यक्ष होते. त्याच सुमारास त्यांनी गांधीजींकडे एक अजब मागणी केली. तुम्हाला चार मुलगे आहेत, मला पाचवा समजा. गांधीजींनी ती मान्य केली. लहानपणी ज्याला न विचारता दत्तक दिलं गेलं, त्याने मोठेपणी स्वतःच्या मर्जीने बाप निवडला.

यानंतर घडामोडी वेगाने झाल्या. १९२१ मध्ये रायबहादूर पदवी परत केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांच्या आग्रहावरून विनोबा भावे वर्ध्यात आले आणि आश्रम सुरू झाला. १९२३ मध्ये नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात त्यांना तुरुंगवास झाला. काँग्रेसचे खजिनदार म्हणून त्यांनी अनेक वर्षं काम केलं. १९३२ मध्ये विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, तेव्हा ऐकणाऱ्या कैद्यांत जमनालालही होते.

आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट १९२८ ची आहे. वर्ध्यातलं लक्ष्मीनारायण मंदिर बजाज घराण्याचं. जमनालाल यांनी सनातनी मंडळींचा विरोध पत्करून ते दलितांसाठी खुलं केलं. आपल्या मालकीच्या विहिरीही सर्वांसाठी खुल्या केल्या. स्वतःच्या मालमत्तेचं दार कोणासाठी उघडायचं आणि कोणासाठी बंद ठेवायचं, हा मालकाचा खासगी मामला आहे, असं तेव्हा बहुतेकांना वाटायचं. भाड्याचं घर देताना जात-धर्म विचारणारे आजही तेच म्हणतात. जमनालाल यांनी तो मामला सार्वजनिक मानला.

मगनवाडी: मालक बाहेर, संस्था आत

१९३० मध्ये दांडीला निघताना गांधीजींनी स्वराज्याशिवाय साबरमती आश्रमात परतणार नाही, असं ठरवलं होतं. १९३३ मध्ये तो आश्रम त्यांनी सोडलाच. आता राहायचं कुठे? जमनालाल यांनी त्यांना वर्ध्यात बोलावलं.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याच्यासाठी जमनालाल यांनी आपली बाग आणि तिथली घरं देऊन टाकली. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ जागेचं नाव मगनवाडी पडलं. अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी तिथून कोल्हूचं तेल, हातकागद, गूळ, मधमाशा अशा कामांचा संसार उभा केला. मगन संग्रहालय आजही वर्ध्यात आहे.

याच काळात बजाजवाडीत देशभरातले पुढारी उतरत होते. काँग्रेस कार्यसमितीच्या बैठका तिथे होत. वर्धा हे छोटं शहर काही वर्षं देशाच्या राजकारणाचं केंद्र बनलं, आणि त्या केंद्राचं छप्पर बरंचसं एका माणसाच्या मालकीचं होतं.

सेगाव: मालकाला नको होतं, पाहुण्याला हवं होतं

वर्ध्यापासून सुमारे आठ किलोमीटरवर सेगाव नावाचं खेडं होतं. वस्ती सहाशेच्या आसपास, त्यातले बहुतेक दलित. धड रस्ता नाही, दुकान नाही, टपाल कचेरी नाही. साप आणि डास मुबलक.

या गावाच्या जमिनीचा मोठा हिस्सा जमनालाल यांच्याकडे होता, कारण ते तिथले मालगुजार होते. आजच्या वाचकाला हा शब्द समजावून सांगायला हवा. वर्धा तेव्हा मध्य प्रांतात होता. इंग्रजांनी या भागात मालगुजारी पद्धत पक्की केली होती. मालगुजार गावच्या रयतेकडून सारा गोळा करायचा, सरकारचा हिस्सा भरायचा आणि गावाचा मालक म्हणून नोंदला जायचा. म्हणजे एक-दोन घरांचा घरमालक नव्हे, एका अर्थाने अख्ख्या गावाचा.

गांधीजींच्या सहकारी मीराबेन आधी वर्ध्याजवळच्या सिंदी गावात सफाईचं काम करत होत्या, मग त्या सेगावला राहायला गेल्या. गांधीजींनीही खेड्यात राहायचं ठरवलं. ३० एप्रिल १९३६ रोजी ते पहिल्यांदा सेगावला आले. जमनालाल यांना ही कल्पना आवडली नव्हती. गांधीजींची तब्येत नाजूक, साठी उलटलेली, आणि गाव असं. आपल्याच मालकीच्या गावाची अवस्था पाहुण्यासाठी बरी नाही, हे मालकाला ठाऊक होतं. तिथे सहाशे माणसं रोज राहत होती, हा त्यातला टोचणारा भाग.

गांधीजी ऐकणारे नव्हते. त्यांची अट होती की घर गावच्या सामानातून, गावच्या हातांनी आणि थोडक्या पैशांत व्हावं. खर्च शेकड्यांत मोजला जावा, हजारांत नव्हे. अशा रीतीने पहिली इमारत उभी राहिली, आदी निवास. जून १९३६ मध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, गांधीजी तिथे राहायला गेले.

काळी माती, पाऊस आणि भिंत

इथे जरा थांबून ओलीचं गणित समजून घेऊया, म्हणजे पुढची गोष्ट नीट कळेल.

वर्धा जिल्ह्यात वर्षाला साधारण हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जमीन काळी, कापसाची. ही माती पाणी धरून ठेवते. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यावर बांधलेल्या घराचा पाया दरवर्षी थोडा उचलला आणि थोडा बसवला जातो. भिंतीला तडे जातात आणि तड्यांतून पाणी शिरतं.

घरात ओल येण्याच्या मुख्य वाटा तीन.

पहिली, खालून. विटा, माती, चुना यांत केसासारखी बारीक छिद्रं असतात. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं जमिनीतलं पाणी त्यातून वर चढतं. ही ओल साधारण गुडघा ते कंबर उंचीपर्यंत दिसते. पाणी सुकताना क्षार मागे राहतात, मग भिंतीला पांढरा लोणा फुटतो आणि पोपडे निघतात.

दुसरी, वरून किंवा बाजूने. गळकं छप्पर, तुंबलेली पन्हाळ, गच्चीला गेलेला तडा, भिंतीत फुटलेला नळ. पाऊस झाला की डाग वाढतो, उघडीप मिळाली की कमी होतो. नळ फुटला असेल तर मात्र उन्हाळ्यातही डाग तसाच राहतो.

तिसरी, आतूनच. स्वयंपाक, आंघोळ, खोलीत वाळत घातलेले कपडे, माणसांचा श्वास, यांतून वाफ तयार होते. हवा खेळती नसेल तर ती गार भिंतीवर बसते. कपाटामागे, कोपऱ्यात, न्हाणीघराच्या छताला काळे ठिपके दिसतात ते याचे. विदर्भात यात कूलरची भर पडते. कूलरला एका बाजूने हवा आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर असं वारं हवं. बंद खोलीत कूलर चालवला की तो गारवा कमी आणि दमटपणा जास्त देतो.

ओल टिकली की बुरशी येते. बुरशीचे सूक्ष्म बीजकण हवेतून नाकात जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत ओलसर, बुरशीच्या घरांचा संबंध खोकला, घरघर, दमा आणि श्वसनाच्या इतर त्रासांशी जोडला आहे. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि दम्याचे रुग्ण यांना धोका अधिक.

आता सेगावच्या कुटीकडे पाहा. मातीच्या भिंती, वर कवेलूचं उतरतं छप्पर, बाहेर आलेली वळचण, ओसरी, समोरासमोर दारं-खिडक्या. वळचण आणि ओसरीमुळे पावसाचा मारा भिंतीपर्यंत येत नाही. उतरत्या छपरावर पाणी थांबत नाही. माती आणि शेणाचं सारवण ओल शोषतं आणि हवा मिळाली की सोडून देतं. पण या घराची एक अट असते. दरवर्षी पावसाळ्याआधी कवेलू फेरावे लागतात, भिंती लिंपाव्या लागतात, सारवण करावं लागतं. एक वर्ष कुचराई झाली की भिंत ढासळायला लागते. म्हणजे मातीचं घर स्वस्त असलं तरी देखभालीतून सुटका नाही. सिमेंटच्या घरालाही ती नाही, फक्त तिथे दुर्लक्षाचा परिणाम उशिरा दिसतो.

मालकाने काय केलं?

जमनालाल यांची भीती खोटी नव्हती. सप्टेंबर १९३६ मध्ये गांधीजींना मलेरिया झाला आणि त्यांना वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं. मलेरिया डासांमुळे होतो, भिंतीच्या ओलीमुळे नव्हे. पण साचलेलं पाणी हे दोन्हींचं मूळ, आणि गावातलं साचलेलं पाणी काढणं एकट्या राहणाऱ्याच्या हातात नसतं.

गांधीजींनी गाव सोडलं नाही. जमनालाल यांनीही मी आधीच सांगितलं होतं म्हणत हात झटकले नाहीत. त्यांनी गरज पडेल तशी जागा दिली, बांधकामं होऊ दिली, खर्चाचा भार उचलला.

आदी निवासात सुरुवातीला सगळे एकाच मोठ्या खोलीत राहत. गांधीजी, कस्तुरबा, येणारे-जाणारे पाहुणे, सगळ्यांचा मुक्काम तिथेच. यात कस्तुरबांची कुचंबणा होते हे जमनालाल यांच्या लक्षात आलं. त्यांनी त्यांच्यासाठी वेगळी छोटी कुटी बांधून घेतली. तीच आजची बा कुटी. पुढे मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधलेल्या कुटीत गांधीजी राहायला गेले आणि ती बापू कुटी झाली. कुष्ठरोगी असलेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री आश्रमात आले, तेव्हा त्यांच्यासाठीही कुटी उभी राहिली आणि गांधीजींनी स्वतः त्यांची शुश्रूषा केली.

आश्रमात आखरी निवास नावाचीही एक कुटी आहे. ती जमनालाल यांनी स्वतःच्या मुक्कामासाठी बांधली होती. त्यांच्या मृत्यूनंतर, खोकल्याच्या त्रासात वैद्यकीय सल्ल्यावरून गांधीजी तिथे राहिले. ऑगस्ट १९४६ मध्ये त्यांनी सेवाग्राम सोडलं ते पुन्हा परतले नाहीत, म्हणून ती शेवटची. आजारी माणसाला राहती जागा बदलून द्यावी लागते, याचं हे एक साधं उदाहरण.

१९४० मध्ये सेगावचं नाव सेवाग्राम झालं. बुलढाण्याच्या शेगावशी घोळ होऊन पत्रं तिकडे जायची, हे त्यामागचं एक व्यावहारिक कारण.

पौनारची गोष्टही अशीच. १९३८ मध्ये विनोबांची तब्येत फार खालावली होती. धाम नदीकाठी जमनालाल यांचा बंगला होता. उंचावर, मोकळ्या हवेत. विनोबा तिथे राहायला गेले, तब्येत सुधारली आणि तोच पुढे परंधाम आश्रम झाला.

शेवटची झोपडी

आयुष्याच्या शेवटच्या काळात जमनालाल यांनी सगळं सोडून गोसेवेचं काम घेतलं. १९४१ मध्ये गोसेवा संघ सुरू झाला. वर्ध्याजवळ गोपुरीत ते स्वतः झोपडीत राहू लागले. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना घरं दिली, तो अखेरीस गवतामातीच्या छपराखाली गेला.

११ फेब्रुवारी १९४२ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचं वर्ध्यात निधन झालं. वय अवघं बावन्न. गांधीजींना हा आघात फार लागला. जानकीदेवींनी आपल्या वाट्याची संपत्ती गोसेवेला दिली आणि पुढे भूदानाच्या कामातही त्या उतरल्या. १९५६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

मग हा आदर्श घरमालक समजायचा का?

इथे घाई करू नये. जमनालाल यांच्या जागेत राहायला आलेले लोक साधे भाडेकरू नव्हते. गांधी, विनोबा, कस्तुरबा यांच्या सोयीकडे लक्ष जाणं स्वाभाविक होतं. गांधीजींचा भाडेकरारही नव्हता. सेगावातली बाकीची घरं मात्र त्यांच्या येण्याआधीही त्याच चिखलात उभी होती, आणि मालगुजारी ही व्यवस्थाच अशी होती की रयतेचं बरंवाईट मालकाच्या स्वभावावर ठरायचं. मालक जमनालाल यांच्यासारखा असला तर विहीर खुली होई, नसला तर दाद मागायची कुठे?

स्वातंत्र्यानंतर हे बदललं. तेव्हा वर्धा मध्य प्रदेशात होता. १९५० च्या कायद्याने मालगुजारी रद्द झाली आणि ३१ मार्च १९५१ पासून गावांवरचे मालकी हक्क सरकारकडे आले. घरभाड्यासाठी विदर्भात १९४९ चा मध्य प्रांत आणि वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेश लागू होता. तो, मुंबईचा १९४७ चा कायदा आणि मराठवाड्यातला हैदराबादचा १९५४ चा कायदा, हे तिन्ही बाजूला सारून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

आज कायदा काय सांगतो?

घर दुरुस्त ठेवणं कोणाचं काम? या अधिनियमाच्या कलम १४ नुसार, भाडेकरूने करारात वेगळं मान्य केलेलं नसेल, तर घर चांगल्या आणि राहण्यायोग्य स्थितीत ठेवणं घरमालकावर बंधनकारक आहे. कायद्यात बुरशी हा शब्द नाही. पण गळकं छप्पर, फुटका नळ किंवा तडा गेलेली भिंत यांची दुरुस्ती या कर्तव्यात बसते.

मालकाने दुर्लक्ष केलं तर? भाडेकरू किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊ शकतो. त्यानंतर वाजवी वेळेत काम झालं नाही तर स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. म्हणजे महिना ६००० रुपये भाडं असेल तर वर्षाचे ७२००० आणि वळते करता येतील जास्तीत जास्त १८०००. बिलं आणि पावत्या जपून ठेवायच्या.

पण एक मोठी अडचण लक्षात घ्या. आज बहुतेक खोल्या लीव्ह अँड लायसन्स करारावर दिल्या जातात. कलम १४ भाडेकरूबद्दल बोलतं. लायसन्सवर राहणाऱ्याचं कायदेशीर स्थान वेगळं असतं, त्यामुळे तिथे करारात काय लिहिलंय याला फार महत्त्व येतं. सही करण्याआधी गळती, ओल, नळ आणि रंगकाम यांची जबाबदारी कोणाची, हे एका ओळीत लिहून घ्या.

करार कच्चा असेल तर? कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. तसा करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही.

हा अधिनियम त्याच्या अनुसूचीत दिलेल्या भागांनाच लागू होतो. इतरत्र १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम उपयोगी पडतो. त्याच्या कलम १०८ नुसार, मालकाला माहीत असलेला पण घेणाऱ्याला सहज न दिसणारा मोठा दोष मालकाने आधी सांगायला हवा. भिंतीवर नुसता रंग मारून ओल लपवणं या तत्त्वात बसत नाही.

भाडेकरूचं काही कर्तव्य? आहे. घर नीट वापरणं, बिघाड दिसताच कळवणं, खिडक्या उघड्या ठेवणं, खोलीत ओले कपडे न साचवणं, कूलर चालताना हवेला बाहेर जायला वाट ठेवणं. पण खोलीला खिडकीच नसेल, तर हवा खेळती ठेवा हा सल्ला पोकळ ठरतो. तो दोष बांधकामाचा आहे.

जगात काय चाललंय? इंग्लंडमधल्या रॉचडेल इथे २०२० मध्ये दोन वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. घरातल्या बुरशीमुळे त्याचा श्वसनाचा आजार जीवघेणा ठरला, असं चौकशीत निष्पन्न झालं. पालकांनी तक्रारी केल्या होत्या. त्यानंतर २०२३ च्या कायद्यात सामाजिक गृहसंस्थांसाठी ठरावीक मुदतीत ओल आणि बुरशीची तपासणी व दुरुस्ती करण्याचं बंधन आलं आणि ऑक्टोबर २०२५ पासून ते अमलात येऊ लागलं. आपल्याकडे केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. त्यात कोणती दुरुस्ती कोणाची याची यादीच दिली आहे, पण राज्याने स्वीकारला तरच तो लागू होतो.

ओल दिसली तर पहिल्या आठवड्यात काय करावं?

- डागाचे तारखेसह फोटो काढा. आठवड्याने पुन्हा त्याच जागेवरून काढा. डाग वाढतोय की नाही, यावरून कारण कळतं.
- ओल खालून, वरून की आतून, हे वर दिलेल्या खुणांवरून ओळखायचा प्रयत्न करा.
- मालकाला आधी फोन, मग लेखी संदेश पाठवा. उत्तर आलं नाही तर पोचपावतीसह टपालाने नोटीस द्या.
- भाडं पूर्ण थांबवू नका. थकबाकी हे घर खाली करायला लावण्याचं कारण ठरू शकतं.
- घरात दम्याचा रुग्ण किंवा बाळ असेल तर झोपायची जागा त्या भिंतीपासून लांब हलवा. खोकला टिकला तर डॉक्टरांना घरातल्या बुरशीबद्दल आवर्जून सांगा.
- नुसत्या रंगावर समाधान मानू नका. पाण्याची वाट बंद झाल्याशिवाय रंग पुढच्या पावसाळ्यात पुन्हा निघतो.

सेवाग्रामच्या कुट्या आजही उभ्या आहेत, कारण त्यांची निगा राखली जाते. जमनालाल बजाज यांनी मालकीचा अर्थ जबाबदारी असा लावला, तो स्वतःहून. प्रत्येक घरमालक तसा असेल ही अपेक्षा कोणी करत नाही. म्हणून तर कायदा आहे, आणि तो वापरायचा असेल तर पहिला कागद आपणच लिहायला हवा.